मीठ, मासळी आणि जकात

मंडळी, मलकापूरला समुद्र नाही. महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावे अनेक. आपण बोलतो आहोत ते कराडला लागून असलेले, पुणे-बेंगळूर हमरस्त्यावरचे मलकापूर. इथून चिपळूण गाठायचे तर पाटण आणि कोयनानगर मागे टाकून, कुंभार्लीचा घाट उतरून सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. मग मासळीच्या आयातीची आणि परदेशी मालावरच्या जकातीची गोष्ट इथल्या लोकांना कशाला सांगता, असे कुणी विचारील.

त्याचे उत्तर आठवड्याच्या बाजारात आहे. भाजीच्या रांगा संपल्या की एका कडेला सुक्या मासळीचे ढीग असतात. सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या, खारा बांगडा. पावसाळ्यात रानात कामाची घाई असते, भाजी महाग झालेली असते, अशा वेळी भाकरीबरोबर तव्यावर भाजलेली मूठभर सुकट पुष्कळ घरांत कालवणाची जागा घेते. ही मासळी घाटाखालून येते, आणि तिची वाट फार जुनी आहे. पूर्वी चिपळूणजवळ गोवळकोटच्या बंदराला माल उतरे. तिथून तो बैलांच्या पाठीवर, पुढे रस्ता झाल्यावर गाड्यांतून, घाट चढून कराडच्या पेठेत येई. वर येताना मीठ, मासळी, नारळ, सुपारी. खाली जाताना गूळ, मिरची आणि धान्य. या वाटेने चढणाऱ्या दोन गोण्यांचा, म्हणजे मिठाच्या आणि मासळीच्या गोणीचा, एकमेकींशी फार जवळचा संबंध होता. तो संबंध कळला की ‘संरक्षक जकात’ हा पुस्तकातला अवघड शब्द सोपा होतो.

प्रथम मासळीकडे पाहू. सुकी मासळी दोन तऱ्हांची. बोंबील, जवळा, सुकट ही नुसत्या उन्हावाऱ्यावर वाळते. तिला मीठ लागत नाही, लागलेच तर थोडे. बांगडा, सुरमई यांसारखी जाड आणि तेलकट मासळी मात्र नुसती वाळत नाही, आधीच कुजते. तिला चिरून, साफ करून मिठात घालावी लागते. अंदाज सांगायचा तर तीन ते चार भाग मासळीला एक भाग मीठ. म्हणजे खारा बांगडा ज्याला आपण म्हणतो, त्याच्या किमतीत मिठाची किंमत मिसळलेली असते. मीठ महागले की बांगडा महागला. इतके ध्यानात ठेवून पुढे चला.

समुद्रकाठी मीठ तयार करायला खर्च थोडा. पाणी समुद्राचे, ऊन सूर्याचे, मेहनत आगरातल्या माणसाची. एका मणाला मूळ खर्च काही आण्यांचा. पण इंग्रज सरकारने त्यावर कर बसवला आणि तो वाढवीत नेला. १८४४ साली मुंबई इलाख्यात हा कर मणी अर्ध्या रुपयावरून एक रुपयावर नेला, तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर आले आणि सरकारला काहीसे मागे सरावे लागले. तरी पुढे चढती कमानच राहिली. १८६९ साली मणी १ रुपया १३ आणे आणि १८७८ साली २ रुपये ८ आणे. त्या काळचा मण चाळीस शेरांचा, आजच्या मापाने सुमारे ३७ किलो.

आता शाळेतल्या मुलांना घालावे असे एक गणित करू. २ रुपये ८ आणे म्हणजे ४० आणे. एक मण मिठात चार मण मासळी खारते असे धरले, तर मासळीच्या प्रत्येक मणावर १० आणे कराचा बोजा पडला. मासळीवर कर बसवला असे सरकार कुठेही म्हणाले नव्हते. कर मिठावर होता. पण तो येऊन पडला मालवणच्या गाबिताच्या टोपलीवर, आणि तिथून घाट चढून कराडच्या गिऱ्हाइकाच्या ताटावर.

याचा परिणाम काय झाला? मीठ परवडेना म्हणून मासळी खारवणारे लोक मीठ कमी घालू लागले. कुठे खाजणातली खारी माती खरवडून तीच मासळीला चोळली जाई. कायद्याने तोही गुन्हाच होता. अशी मासळी लवकर बिघडे, तिला वास मारी, आणि ती खाऊन गरिबाचे पोट बिघडे. हिंदुस्थानातल्या मत्स्यव्यवसायाची पाहणी करणारे सरकारी अधिकारी फ्रान्सिस डे यांचा समुद्री मासळीवरचा अहवाल १८७३ साली प्रसिद्ध झाला. मिठाचा कर मासळी खारवण्याच्या धंद्याला कसा जाचतो, हे त्यांनी सरकारच्याच कागदावर मांडले.

इथे गोष्टीत परदेशी माल येतो. परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सात समुद्रापलीकडचा मुलूख उभा राहतो. पण त्या काळी वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला तेरेखोलची खाडी ओलांडली की परदेश लागे. पलीकडे गोवा, म्हणजे पोर्तुगीजांचे राज्य. समुद्र तोच, बांगडा तोच, भाषा पुष्कळशी कळणारी. पण तिथल्या मिठावर इंग्रजांचा कर नव्हता. साहजिकच गोव्यात खारवलेली मासळी स्वस्त पडे. ती रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरांत आली की इथल्या खारवणाऱ्याचा माल पडून राही. काहींचा ओढा आपली मासळीच तिकडे नेऊन खारवण्याकडे वाढला.

आता नीट पाहा. मालवणचा माणूस गोव्याच्या माणसापेक्षा कमी कुशल होता काय? त्याचे जाळे लहान होते काय? तो आळशी होता काय? यातले काहीच नव्हते. त्याच्याच सरकारने त्याच्या मिठावर कर बसवला होता, आणि शेजाऱ्याच्या मिठावर तो नव्हता. परक्या मालाच्या चढाओढीत तो हरत होता खरा, पण त्याचा पाय घरातच बांधलेला होता.

या अडचणीवर सरकारने तीन उपाय करून पाहिले. ते तिन्ही समजून घेण्यासारखे आहेत, कारण आजही जगात कुठल्याही मालाबद्दल असा तंटा उभा राहिला की उपाय फिरून फिरून हेच निघतात.

पहिला उपाय असा की शेजाऱ्याचा माल आपल्याइतकाच महाग करायचा. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. १८८० च्या आरंभी तो अमलात आला आणि बारा वर्षे चालला. त्या मुदतीत गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधल्या जकाती उठल्या. बदल्यात गोव्याचे मीठ इंग्रजांच्या मीठखात्याच्या ताब्यात गेले. पोर्तुगीज सरकारला त्यापोटी दरसाल ४ लाख रुपये मिळत. मुरगावच्या बंदरापासून घाटावर येणारी रेल्वेही याच तहातून निघाली. कागदावर दोन्ही सरकारांचा हिशेब जुळला. पण गोव्यातल्या मिठागरांचे काय? त्यांच्यावर पहारे बसले, काही आगरे ओस पडली, आणि ज्या गोव्याच्या कोळणीला कालपर्यंत मीठ स्वस्त मिळत होते तिला ते महाग झाले. मालवणच्या माणसाचा बोजा उतरला नाहीच. तो तेरेखोलपलीकडच्या माणसाच्याही डोक्यावर चढला. १८९२ च्या जानेवारीत तह संपला आणि गोवा पुन्हा परका मुलूख ठरला.

दुसरा उपाय म्हणजे सरहद्दीवर जकात. हिंदुस्थान सरकारच्या जकातीच्या तक्त्यात ‘खारवलेले मासे, ओले किंवा सुके’ असे एक स्वतंत्र कलम असे. पुष्कळशा मालावर किमतीच्या शेकड्याने जकात घेत. या मासळीवर मात्र ती वजनावर, मणामागे इतके आणे अशी घेत. हेतू उघड होता. इथल्या मासळीवर मिठाच्या वाटेने कर पडतो, तर बाहेरून येणाऱ्या मासळीवर सरहद्दीवर तसाच कर पडावा आणि दोघे सारखे व्हावेत. अशा जकातीला अर्थशास्त्रात समतोल साधणारी जकात म्हणतात. पण समतोल कुठे साधला? स्वस्त मासळी महाग झाली म्हणून महाग मासळी स्वस्त होत नाही. दोन्ही महागच राहतात, आणि फरक खाणाऱ्याच्या खिशातून जातो. खाणारा कोण? घाटावरचा शेतमजूर.

तिसरा उपाय सर्वांत साधा होता. बाहेरच्याला अडवण्यापेक्षा आपल्या माणसाला मीठच सवलतीने द्यायचे. रत्नागिरी आणि कारवार जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर मीठखात्याने मासळी खारवण्याची सरकारी आवारे काढली. पद्धत अशी. भोवती कुंपण, दाराशी शिपाई आणि काटा. आत मासळी आणली की तिचे वजन होई, त्या प्रमाणात सवलतीचे मीठ मिळे, मासळी तिथेच खारवायची आणि तयार माल बाहेर न्यायचा. मीठ मात्र चिमूटभरही बाहेर नेता येत नसे, कारण बाहेर त्याच मिठावर पुरा कर होता. आवारात खारवलेला माल चांगला निघे. अडचण एवढीच की आवार जवळ असेल त्याला ते सोयीचे. दूरच्या वाडीवरच्या बाईने डोक्यावर पाटी घेऊन किती चालावे? शिवाय नोंदी, वजने, शिपायाची मर्जी. तरीसुद्धा तिन्ही उपायांत खारवणाऱ्याचा खर्च उतरवणारा उपाय हा एकच होता. यात गोव्याच्या माणसाचे नुकसान नव्हते आणि कराडच्या गिऱ्हाइकाच्या ताटावर नवा बोजाही नव्हता.

इथे गुरुजींपैकी कुणी म्हणतील, “म्हणजे संरक्षक जकात वाईटच, असंच ना?” तसे नाही. आपल्याच भागातला दाखला घ्या. १९३२ साली साखरधंद्याच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि जावाहून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसली. त्या वेळी देशात आधुनिक साखर कारखाने तीसेक होते. पाच-सहा वर्षांत ते शंभरावर गेले. त्यांतले बहुतेक उत्तरेत निघाले, तरी दख्खनमध्येही कारखानदारीला त्यामुळे बळ आले. पुढे कृष्णाकाठी ऊस आणि सहकारी कारखाने कसे वाढले ते तुम्हांला सांगायला नको. तिथे धंदा नवा होता, त्याला शिकायला आणि उभे राहायला वेळ हवा होता. जकातीने तो वेळ विकत घेतला. त्याचीही किंमत साखर खाणाऱ्याने दिली, पण त्या किमतीत देशाने कारखाने मिळवले. मासळीच्या बाबतीत धंदा नवा नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. त्याला वेळ नको होता, मीठ हवे होते.

हा भेद महात्मा गांधींनी नेमका ओळखला होता. १९३० च्या जानेवारीत त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्या एकत्र वाचून पाहा. मिठावरचा कर उठवा, ही त्यांतली एक मागणी. परदेशी कापडावर संरक्षक जकात बसवा, हीही त्यांतलीच एक. एक कर काढा आणि दुसरा बसवा, अशा दोन मागण्या एकाच यादीत कशा? कारण त्यांचा प्रश्न ‘कर हवा की नको’ एवढाच नव्हता. कर कुणाच्या पाठीवर पडतो आणि त्याने कुणाचे हात मोकळे होतात, हा होता.

पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली. ६ एप्रिलला मीठ उचलले गेले. मे महिन्यात आपल्या महाराष्ट्रात शिरोड्याला सत्याग्रह झाला. हे शिरोडे वेंगुर्ले तालुक्यात, तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे, म्हणजे ज्या सरहद्दीवर करवाले आणि बिनकराचे मीठ समोरासमोर उभे असे तिथेच. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाच्या जागांलगतच्या गावकऱ्यांना घरच्या वापरापुरते आणि गावातल्या विक्रीपुरते मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. १९४७ साली, स्वातंत्र्याआधी काही महिने, मिठाचा कर उठला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तेरेखोलवरची जकातही इतिहासजमा झाली. गोव्याचा बांगडा आणि मालवणचा बांगडा त्यानंतर एकाच बाजारात, एकाच कायद्याखाली विकला जाऊ लागला. ज्या चढाओढीची सरकारांना इतकी धास्ती होती, तिने मालवणचा धंदा बुडाला नाही.

मंडळी, इथवर आपण मासळी बाहेरून येण्याची गोष्ट केली. आता उलट बाजू पाहू, म्हणजे आपली मासळी बाहेर जाते तेव्हा काय होते.

१९६० पर्यंत आपल्या देशातून समुद्रापार जाणारी मासळी मुख्यत्वे सुकीच होती, आणि ती सिलोन, ब्रह्मदेश, सिंगापूर अशा शेजारच्या मुलखांत जाई. १९५३ साली कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली. १९६१ पासून गोठवलेल्या मालाने सुक्या मालाला मागे टाकले. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि निर्यात आणखी वाढली. १९७२ साली केंद्र सरकारने सागरी मालाच्या निर्यातीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले. मिठाची जागा बर्फाने घेतली, बैलाची जागा जहाजाने.

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखातात, बोटीने कोळंबी पकडणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तेही आपल्या गाबितांसारखेच कष्टकरी. आशियातून तळ्यांत वाढवलेली स्वस्त कोळंबी येऊ लागली तसा त्यांच्या मालाचा भाव पडला. ३१ डिसेंबर २००३ रोजी त्यांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे अर्ज केला की भारत, चीन, थायलंड, व्हिएतनाम, ब्राझील आणि इक्वेडोर हे सहा देश वाजवी किमतीहून कमी दराने माल इथे आणून ओततात. याला व्यापाराच्या भाषेत डंपिंग म्हणतात. फेब्रुवारी २००५ मध्ये जकातीचा हुकूम निघाला. स्वतंत्र चौकशी न झालेल्या बहुतेक भारतीय कंपन्यांना तो दर १०.१७ टक्के पडला. त्याच्या थोडेच आधी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीने आपला पूर्व किनारा झोडपला होता. त्यामुळे हुकूम मागे घ्यावा काय याचा अमेरिकेत विचार झाला, पण तो कायम राहिला.

आणखी एक गंमत पाहा. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे जकातीचा हा पैसा सरकारी तिजोरीत न राहता तक्रार करणाऱ्यांनाच वाटला जाई. भारतासह अनेक देशांनी याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २००६ साली अमेरिकेने तो कायदा रद्द केला. कोळंबी मागवणाऱ्यांकडून जी जादा हमी मागितली जाई तिच्याविरुद्धही भारत गेला, आणि २००८ साली तोही वाद जिंकला.

पण मुख्य प्रश्न हा की त्या जकातीने आखातातला मासेमार सावरला काय? २००९ साली भारतात व्हनामी जातीच्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली, आंध्रच्या किनाऱ्यावर तळीच तळी झाली, आणि जकात भरूनसुद्धा काही वर्षांत भारत अमेरिकेला सर्वांत जास्त कोळंबी पुरवणारा देश बनला. आखातातल्या मासेमाराच्या बोटीला लागणारे डिझेल जकातीने स्वस्त झाले नव्हते. त्याचे मीठ, म्हणा ना, महागच राहिले होते.

२०२५ साली याहून मोठी लाट आली. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून ५० टक्के जकात लावली. कोळंबीवर त्याशिवाय जुनी डंपिंगविरोधी जकात होती आणि २०२४ साली ठरलेली सरकारी मदतीविरुद्धची जकातही होती. वॉशिंग्टनमध्ये आकडा बदलला की आंध्रातल्या तळ्याकाठी कोळंबीचा भाव बदलतो, आणि कर्ज काढून बी सोडलेल्या शेतकऱ्याची झोप उडते. उसाला भाव मिळेल की नाही या काळजीत रात्र काढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या आपल्या अंदाजपत्रकात एक लहानशी तरतूद होती. मासळीच्या गरापासून जो लगदा करतात, ज्याला सुरिमी म्हणतात, त्याचे पदार्थ बनवून निर्यात करणाऱ्यांसाठी त्या लगद्यावरची आयात जकात ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणली. मासळीच्या आणि कोळंबीच्या खाद्यात लागणाऱ्या एका घटकावरची जकात १५ वरून ५ टक्के केली. सुरिमीचा धंदा आपल्या रत्नागिरीतही आहे. ही तरतूद वाचली की मला मालवणच्या किनाऱ्यावरचे ते कुंपणाचे आवार दिसते. बाहेरच्याला अडवण्याऐवजी आपल्या माणसाच्या हातात कच्चा माल स्वस्त द्यायचा, हाच तो जुना तिसरा उपाय.

तेव्हा ‘आपल्या धंद्याला संरक्षण द्या’ अशी हाक ऐकू आली, मग ती साखरेची असो, कांद्याची असो, दुधाची असो की मासळीची, तर लगेच टाळी वाजवू नका आणि लगेच नाकही मुरडू नका. आधी विचारा की धंदा अडला आहे तो कशामुळे. बाहेरच्याच्या बळामुळे, की आपल्याच घरातल्या महाग मिठामुळे? पहिले असेल तर काही काळ आडोसा द्यावा लागतो, साखरेला दिला तसा. दुसरे असेल तर सरहद्दीवर कितीही उंच भिंत घाला, आतला माणूस बांधलेलाच राहतो, आणि भिंतीचा खर्च कुणा गरिबाच्या ताटातून वसूल होतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांना एखाद्या बाजारच्या दिवशी सुक्या मासळीच्या दुकानांकडे न्या. कोणती मासळी खारवलेली आणि कोणती नुसती वाळवलेली, हे त्यांना हाताळून ओळखू द्या. ती कुठल्या बंदराहून आली, कोणत्या घाटाने चढली, वाटेत तिच्या किमतीत काय काय मिळाले, हे विकणाऱ्या मावशींना विचारू द्या. मग वर्गात येऊन मण, शेर आणि आण्यांचे वर केलेले गणित किलो आणि रुपयांत करायला सांगा. मिठाच्या सत्याग्रहाचा धडा शिकवाल तेव्हा ही वही पुन्हा उघडा. दांडीच्या चिमूटभर मिठाचा आपल्या कराड-मलकापूरच्या भाकरीशी काय संबंध होता, तो मुलांना त्या वहीतच सापडेल.